असाइनमेंट छापखान्यापर्यंत कशी न्यावी

ग्राफिक डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांची धाव सॉफ्टवेअरकडे. टूल्स काही महिन्यांत हातात बसतात, अक्षरांमधलं अंतर दिसायला लागायला त्याहून बराच वेळ जातो. तेव्हा सुरुवात टायपोग्राफीपासून, म्हणजे अक्षरांच्या मांडणीपासून करा.

एक परिच्छेद घ्या. एकच फॉन्ट, फक्त काळा रंग, अक्षर १० पॉइंट. लीडिंग (एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचं अंतर) १२, १४ आणि १६ पॉइंट ठेवून तीन प्रती मूळ आकारात छापा आणि हातात धरून वाचा. स्क्रीनवर दुपटीने मोठा करून पाहिलेला मजकूर ऐसपैस वाटतो, कागदावर तोच गिचमिड होतो. देवनागरीला लीडिंग जरा सैलच लागतं; रोमनच्या सवयीने बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन टेकतो.

ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद, मिळाला की आधी कागदावर अंगठ्याएवढी वीस-तीस थंबनेल्स, म्हणजे झटपट कच्ची रेखाटनं, काढा. पहिली पाच-सहा वर्गातल्या सगळ्यांना सुचलेलीच असतात. तीन निवडा, मग कॉम्प्युटर उघडा. उरलेली फेकू नका, तारीख घालून ठेवा.

क्रिटिकमध्ये, म्हणजे वर्गात कामावर चर्चा होते तेव्हा, ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकू येईल. ‘नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा.

शिक्षक मार्क स्क्रीनवर बघून देत असले तरी वर्षातून निदान दोन कामं खरोखर छापून घ्या. दोन घड्या घालून एका बाजूला तीन पानं होणारं ए४ माहितीपत्रक त्यासाठी उत्तम, कारण ते हमखास चुकतं. २९७ मिलिमीटरचे ९९-९९-९९ असे समान भाग पाडले की आत दुमडणारं पान फुगतं. दोन पानं १०० ची आणि आतलं ९७ चं करा. हे अरुंद पान बाहेरच्या बाजूला डावीकडे येतं, आतल्या बाजूला उजवीकडे. दोन्ही बाजूंना त्याच गाइड्स (घडीची जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या रेषा) कॉपी केल्या की घडी मजकुरावर पडते.

चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे रंग किंवा चित्र कापायच्या रेषेच्या तेवढं बाहेर न्या, नाहीतर कटिंग किंचित सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. मजकूर कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत असू द्या. फोटो छापायच्या आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हवा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो म्हणजे जेमतेम १० सेंटीमीटर. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाईंचा काळा केलात तर प्लेट जराशी हलली तरी अक्षरांना रंगीत कड येते. आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत, मळका होतो, त्यावर लोगोची मदार ठेवू नका.

पोर्टफोलिओत आठ-दहा कामं पुरतात. प्रत्येकासोबत मूळ अडचण दोन ओळींत, ती जपून ठेवलेली थंबनेल्स, एखादा फसलेला पर्याय आणि छापील प्रतीचा फोटो द्या. गटात केलेलं काम असेल तर त्यातलं तुमचं नेमकं काय, ते लिहा. मुलाखतीत खोदून विचारतात ते तिथेच.