गरम पाण्याचे पाईप वाजतायत? आधी आवाज कधी येतो ते पकडा

पाईप वाजायला लागला की बहुतेक जण जिथून आवाज येतोय तिथली भिंत ठोकून बघतात, आणि तिथेच फसतात, कारण आवाज पाईपातून लांबपर्यंत जातो, बाथरूममधे ठणठण ऐकू आली तरी दोष किचनच्या नळात असू शकतो. म्हणून आवाज कुठून येतो ते नंतर बघू, आधी कधी येतो ते लिहून ठेवा. नळ उघडताना, बंद करताना, की सगळे नळ बंद असून नुसता गीझर चालू असताना?

पहिली टेस्ट सोपी आहे. गीझर बंद ठेवून फक्त थंड नळ उघडा आणि बंद करा. थंडलाही तसाच आवाज आला तर गीझरला हात लावू नका, गडबड प्रेशरची किंवा सैल पाईपची आहे.

नळ झटकन बंद केल्यावर धाडकन आवाज येतो तो वॉटर हॅमर, म्हणजे वाहतं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का पाईपला बसतो. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह आणि एका दांडीचे नळ हे यातले नेहमीचे. तोच नळ ३-४ सेकंद घेत हळूहळू बंद करा, आवाज गेला तर नक्की हेच. पाईपचे क्लॅम्प घट्ट करा, प्रेशर ५ बारच्या वर असेल तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून ३ बारच्या आसपास आणा, तरीही राहिला तर मशीनजवळ हॅमर अरेस्टर, म्हणजे पाण्याचा धक्का झेलणारा छोटा भाग, लावा.

गरम पाणी सुरू केल्यावर टिकटिक, आणि नळ बंद केल्यावरही थोडा वेळ चालूच? पाईप तापून लांब होतोय आणि नंतर थंड होऊन आखडतोय. सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठीचं प्लास्टिक) ३ मीटर पाईप २५ वरून ६० डिग्रीला गेला तर साधारण ६-७ मिमी वाढतो, तांब्याचा २ मिमीच्या आतच. धोका काही नाही, फक्त पाईप जिथे भिंतीला किंवा क्लॅम्पला घासतो तिथे रबर घाला आणि सरकायला जागा ठेवा.

आता खरा महत्त्वाचा आवाज. नळ सगळे बंद, गीझर चालू आणि आतून गडगड, चटचट, चहाची किटली तापताना येतो तसा. पाणी जड असेल तर एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, क्षारांचा थर चढतो, तळाशीही गाळ साचतो, त्या थरात अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, तोच हा आवाज. हा आवाज चालवून घेऊ नका हो, एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि तो आतून जास्त तापून लवकर जळतो. बोर्डावरचा गीझरचा एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) पाडा, पाणी थंड होऊ द्या, इनलेट (गीझरमधे थंड पाणी येतं ती लाईन) बंद करा, गरम नळ उघडा आणि मग टाकी रिकामी करा. एलिमेंट काढून साफ करायला इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याच वेळी अॅनोड रॉडही (टाकीऐवजी स्वतः गंजणारी दांडी) बघून घ्या, झिजून गेला असेल तर बदला. टाकी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच चालू करायचा नाही, रिकाम्या टाकीत एलिमेंट लगेच जळतो.

शिट्टी वाजत असेल तर अर्धवट उघडा अँगल कॉक (भिंतीजवळचा छोटा बंद-चालू करायचा नळ) किंवा झिजलेला वॉशर बघा, बहुतेकदा तेवढंच असतं.

पण पाणी खळखळ उकळल्यासारखं ऐकू आलं किंवा नळातून वाफ आली तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की गीझर बंद करणारा भाग) गेलाय असं धरा, लगेच एमसीबी पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं थेंब थेंब पाणी येणं मात्र नॉर्मल आहे, २० ते ६० डिग्रीत पाणी साधारण दीड टक्का फुगतं, ते कुठेतरी जायलाच हवं. ठिबकतंय म्हणून कोणी त्याला बूच मारायला सांगितलं तर अजिबात मारू नका, आतलं प्रेशर बाहेर पडायची ती वाट आहे.