उडण्याआधी पिटॉट कसा तपासायचा आणि स्पीडचा काटा चुकला तर काय करायचं

पुण्यातली जी पोरं ट्रेनिंगला बारामतीला जातात, त्यातली बरीच मला विचारतात की वॉकअराउंड, म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी, पाठ कसा करायचा. पाठ करूच नका. चेकलिस्ट हातात धरा, एक ओळ वाचा, त्या भागाला हात लावा, मग पुढची ओळ. मी सेसना १७२ धरून लिहितोय, तुमचं विमान वेगळं असेल तर त्याचं मॅन्युअल आधी बघा.

कागदपत्रं, मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) ऑन, फ्लॅप खाली, लाइट, मास्टर ऑफ. पाच मिनिटांचं काम आहे.

इंधन गेजवर सोडू नका, वर चढून टाकीत स्टिक घालून मोजा. ड्रेनमधून, म्हणजे तळाचं इंधन काढायच्या झडपेतून, नमुना काढून उजेडासमोर धरा, १०० एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर दिसतं आणि पाणी जड म्हणून तळाशी बसतं. पण नळीत नुसतं पाणीच आलं असेल तर पाणी आणि इंधनामधली रेघ दिसणारच नाही, म्हणून रंग बघायचा. १७२ एस ला असे १३ ड्रेन आहेत, पावसाळ्यात तर तेराच्या तेरा काढा. ऑइल, टायर, बिजागऱ्या, प्रोपेलर, हे सगळं चेकलिस्टप्रमाणे.

आता पिटॉट. डाव्या पंखाखालची ती छोटी नळी, समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन स्पीडच्या काट्याला देते. बहुतेक जण कव्हर काढतात, "पिटॉट क्लियर" म्हणतात आणि पुढे जातात. मीही तेच करायचो.

विद्यार्थी होतो तेव्हाची गोष्ट आहे. गणपतीच्या सुट्टीत विमान काही दिवस उभं होतं, कव्हर फाटलेलं होतं आणि फाटलेलं कव्हर म्हणजे कव्हर नसल्यासारखंच हे मला कळत नव्हतं. टेकऑफला थ्रॉटल पूर्ण दिला, इंजिन व्यवस्थित, पण स्पीडचा काटा शून्यावर. मला वाटलं येईल आत्ता, आणि तेवढ्यात विमान स्वतःच हलकं होऊन उठलं. वर जाताना काटा खरंच हलला. ६०, ८०, ९५. मी सुटकेचा श्वास सोडला, म्हटलं सुटला एकदाचा, आणि वेग जास्त दिसतोय म्हणून नोज आणखी वर घेतला. काटा १०० च्या पुढे गेला आणि त्याच वेळी स्टॉलची, म्हणजे नोज फार वर जाऊन पंखाची उचल तुटण्याची, वॉर्निंग देणारी शिट्टी वाजायला लागली. शेजारच्या सरांनी कंट्रोल घेतला, नोज खाली दाबला आणि एवढंच म्हणाले, "काटा सोड, बाहेर बघ."

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे स्पीडचा काटा, पिटॉटमधला दाब आणि बाहेरच्या हवेचा नुसता (स्टॅटिक) दाब यांच्यातला फरक दाखवतो. पिटॉटचं पुढचं तोंड बंद पण ड्रेनचं (पाणी निघून जायचं) भोक उघडं असेल तर काटा शून्यावर येतो, ते निदान लगेच कळतं. दोन्ही बंद असतील तर जमिनीवरचा दाब आत कोंडून राहतो, आपण चढतो तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि काटा उंचीबरोबर वर सरकतो. म्हणजे तो अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) झालेला असतो. पुण्याच्या उंचीवर हिशेब केला तर ३०० फूट चढल्यावर साधारण ८० नॉट आणि ५०० फुटांना शंभराच्या आसपास दिसतात, अगदी खरे वाटावेत असे आकडे. म्हणून "चढल्यावर मोकळा होतो आपोआप" असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. १७२ ची स्टॉलची शिट्टी पंखाच्या कडेवरच्या वेगळ्या भोकातून हवा खेचून वाजते, पिटॉटशी तिचा संबंध नाही, म्हणून त्या दिवशी तिनेच आम्हाला वाचवलं.

उतरल्यावर इंजिनियरने नळी काढली. आत कुंभारमाशीने चिखलाचं बूच मारलं होतं, वाळून कडक, ॲप्रनच्या (विमानं उभी करायच्या जागेच्या) कडेच्या मातीच्याच रंगाचं. फोडलं तर आत बारीक हिरवी अळी निघाली. हाच संशय ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकजवळ पडलेल्या बोइंग ७५७ च्या तपासात व्यक्त झाला होता, ते विमान काही दिवस पिटॉट न झाकता उभं होतं. १८९ माणसं गेली.

म्हणून आता मी गुडघ्यावर बसतो, टॉर्च मारतो आणि पुढचं तोंड आणि ड्रेनचं भोक दोन्ही बघतो. फुंकायचं नाही, इंडिकेटर आतून बिघडतो. तार घालायची नाही, बूच आणखी आत जातं. शंका आली तर इंजिनियरला बोलवा आणि त्या दिवसाचं उड्डाण सोडा. पिटॉट हीट, म्हणजे नळी तापवायची सोय, बर्फासाठी आहे, चिखल त्याने निघत नाही, आणि ते तपासताना बोट क्षणभरच लावा, चांगलं भाजतं.

स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरचा दाब घेणारं भोक, तेही असंच बघा, विमान धुतल्यावर किंवा पॉलिश केल्यावर तर नक्कीच. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या ७५७ च्या स्टॅटिक पोर्टवर सफाईच्या वेळची टेप तशीच राहिली होती, ७० जण गेले. हे भोक बंद झालं तर अल्टिमीटर थिजतो, व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा) शून्यावर बसतो आणि उतरताना वेग असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. आल्टरनेट स्टॅटिकचा, म्हणजे स्टॅटिक दाब दुसरीकडून घ्यायचा, नॉब कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे.

अल्टिमीटरला क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून त्या वेळचा हवेचा दाब) लावून मैदानाच्या उंचीशी जुळवा. लोहगावची उंची सुमारे १९४० फूट आहे. पावसाळ्यात क्यूएनएच १००५ असताना आदल्या माणसाचं १०१३ तसंच राहिलं तर काटा दाखवतो त्यापेक्षा तुम्ही सुमारे सव्वादोनशे फूट खाली असता आणि काटा ते सांगत नाही. सक्शन (जायरोची उपकरणं चालवणारी हवेची ओढ) त्याच्या गेजवर ४.५ ते ५.५ मध्ये हवं, हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारं उपकरण) दर १५ मिनिटांनी कंपासशी जुळवा.

टेकऑफ रोलला "एअरस्पीड अलाइव्ह" मोठ्याने म्हणा. धावपट्टीवरची एक खूण आधीच ठरवा, तिथपर्यंत काटा उठला नाही तर थ्रॉटल बंद, ब्रेक, परत. वाट बघायची नाही, मी बघितली होती.

तरीही वर गेल्यावर कळलं तर पॉवर आणि नोजची जागा यांवर उडा. चढताना, डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने उडताना) आणि फायनलला (उतरण्याआधी धावपट्टीच्या सरळ रेषेत येताना) आरपीएम किती आणि क्षितिज काउलिंगच्या (इंजिनच्या झाकणाच्या) कुठे येतं, हे चांगल्या दिवशी सरांबरोबर बघून वहीत लिहून ठेवा. डायलवर कागद चिकटवा, नाहीतर नजर तिकडेच जाते, आणि खाली येताना तो काटा शून्याकडे घसरत जाऊन घाबरवतो. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो, मागून १५ नॉट वारा असेल तर तेवढा तो जास्त दिसेल, त्यावर फायनल करू नका. टॉवरला सांगा, लांब सरळ फायनल मागा.

उतरल्यावर बिघाड टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) लिहा. तोंडी सांगून निघून जाऊ नका, सकाळी सहाला त्याच विमानात दुसरं पोरगं बसणार असतं. आणि कव्हर लगेच लावा, चहाला जायच्या आधी.