बोगी हलकी करायचीय? मग या चुका टाळा

बोलताना आपण सर्रास अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी: दोन ॲक्सल, चार चाकं, त्यांना धरून ठेवणारा सांगाडा, स्प्रिंगा, हेलकावे शोषणारे डॅम्पर आणि ब्रेक. प्रवासी डब्याच्या रिकाम्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दोन बोग्यांतच जातो. त्यामुळे वजन घटवायचं ठरलं की सगळ्यांची नजर आधी तिकडे वळते आणि पहिली चूकही लगेच होते. जाडी १२ मिलिमीटर? १० करा. १० चालली? ८ करा.

पत्रे सरसकट पातळ करून बोगी हलकी होते खरी, पण ती फार दिवस टिकत नाही. चाकावर आलेलं बल ॲक्सलबॉक्समधून (ॲक्सलच्या बेअरिंगचं घर) स्प्रिंगेत, तिथून साइड फ्रेममध्ये (सांगाड्याची बाजूची लांब तुळई), मग आडव्या तुळईत आणि शेवटी डब्यात कसं पोचतं, तो रस्ता आधी कागदावर काढा. तो जितका आखूड आणि सरळ, तितकं कमी धातूत भागतं. मी तर ज्या ब्रॅकेटमुळे बल दोनदा वळण घेतं, त्याच्यापासून कात्री लावायला सुरुवात करतो. जपानमध्ये कार्बन फायबरच्या लांब पानस्प्रिंगलाच साइड फ्रेमचं काम देणारी बोगी बनली आहे. एकाच भागाने दोन कामं केली, म्हणून एक भाग पूर्ण गेला.

जास्त ताकदीचं पोलाद घेतलं, आता निर्धास्त

ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. ३५५ मेगापास्कल ताकदीच्या (म्हणजे एवढ्या ताणापर्यंत कायमचं न वाकणाऱ्या) पोलादाऐवजी ७०० मेगापास्कलचं घेतलं की पत्रा अर्धा करता येईल, असा हिशेब मांडला जातो. एकदाच येणाऱ्या मोठ्या भारासाठी तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. बोगी मात्र एका मोठ्या भाराने सहसा मोडत नाही, लाखो छोट्या हिसक्यांनी थकून तडकते. आणि वेल्डच्या कडेला पोलादाचा दर्जा जवळपास निरुपयोगी ठरतो. पत्र्यावर आडवा तुकडा फिलेट वेल्डने (कोपऱ्यात भरलेला वेल्ड) जोडला, तर २० लाख आवर्तनांसाठी डिझाइनमध्ये साधारण ८० मेगापास्कलचा ताण-फरक (प्रत्येक आवर्तनातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातलं अंतर) धरतात, मग पोलाद ३५५ चं असो वा ७०० चं. वेल्डच्या कडेशी खाच असते, शिवाय थंड होताना आत अडकलेला ताण असतो. महाग पोलादाने त्या दोन्हींवर काही फरक पडत नाही.

ताठपणाचंही तेच. साधं पोलाद असो की उच्च दर्जाचं, स्थितिस्थापकता गुणांक २१० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. १२ चा पत्रा ८ वर आणला की त्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो आणि जेमतेम ३० टक्के उरतो. मग पेटीच्या आकाराच्या फ्रेमची बाजू तेलाच्या डब्याच्या पत्र्यासारखी आतबाहेर होऊ लागते आणि तिच्या कडेचे वेल्ड वाकत राहतात. आत एक पडदा, म्हणजे आडवा पत्रा, टाकला तर हे थांबतं, पण त्या पडद्याचा वेल्ड खालच्या ताणाच्या पत्र्यावर आणू नका. तो थोडा वरच थांबवा.

फायदा मिळतो तो वेल्ड कुठे आहे यातून. वाकणाऱ्या तुळईत वरचा आणि खालचा पत्रा सर्वांत जास्त राबतो, मधली उंची आरामात असते. म्हणून जोड मधल्या उंचीवर न्या, वेल्डची सुरुवात आणि शेवट कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यांना मोठी गोलाई द्या आणि मोक्याच्या वेल्डची कड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करून घ्या.

घासा म्हणालो, पण कुठे आणि किती, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं हवं. ११ डिसेंबर २०१७ रोजी जपानमध्ये हाकाताहून टोकियोकडे निघालेल्या शिन्कान्सेन बुलेट ट्रेनमध्ये जळका वास आणि विचित्र आवाज येऊ लागला. गाडी धावत राहिली आणि अखेर नागोयाला थांबवली गेली. तपासणीत साइड फ्रेमच्या खालच्या पत्र्यातून सुरू झालेला तडा बाजूच्या पत्र्यात १४ सेंटीमीटर वर चढलेला दिसला. त्या जागी बाजूची एकूण उंची १७ सेंटीमीटर. म्हणजे उरलं होतं तीन बोटांपेक्षा कमी. कारण कारखान्यातलं निघालं: ॲक्सल स्प्रिंगेची बैठक नीट टेकावी म्हणून खालचा पत्रा घासला गेला होता. ड्रॉइंगनुसार तो किमान ७ मिलिमीटर हवा होता, काही ठिकाणी ४.७ उरला होता. डिझाइनरने जो पत्रा आकडेमोड करून ठरवला, तो फिटरने बैठक जुळवण्यासाठी खाऊन टाकला. बैठकीचा भागच मशीनिंगसाठी जास्त जाड ठेवला असता आणि पत्र्याला हात लावू नये असं ड्रॉइंगवर लिहिलं असतं, तर ग्राइंडर तिकडे वळलाच नसता.

सांगाड्याच्या चाचणीत घाई करू नका. युरोपीय मानक ईएन १३७४९ मध्ये थकव्याची चाचणी एक कोटी आवर्तनांची आहे. पहिली ६० लाख नेहमीच्या भाराने, पुढची २० लाख गतिक भार १.२ पट करून, शेवटची २० लाख १.४ पट करून.

कुठला किलो कमी केला, याकडे दुर्लक्ष

स्प्रिंगेच्या वरचा एक किलो आणि स्प्रिंगेखालचा एक किलो यांची किंमत सारखी नाही. चाक, ॲक्सल, बेअरिंग, ॲक्सलबॉक्स आणि ॲक्सलवर टांगलेला गिअरबॉक्स यांचं वजन रुळावर थेट आदळतं. रुळाचा सांधा आला की मध्ये काहीच मऊ नसतं. म्हणून सांगाड्यातून शंभर किलो काढण्याआधी इथून तीस काढता येतात का ते बघा.

पोकळ ॲक्सल हा यातला सर्वांत सरळ उपाय. १६० मिलिमीटर व्यासाच्या ॲक्सलला ६५ मिलिमीटरचं भोक पाडलं, तर त्या लांबीतलं वजन साडेसोळा टक्के घटतं, वाकण्याची ताकद मात्र तीन टक्केही कमी होत नाही. मधला धातू तसाही बसून खात असतो. शिवाय त्याच भोकातून अल्ट्रासोनिक प्रोब घालून तडे शोधता येतात.

बेअरिंग चाकांच्या आतल्या बाजूला घेतली की ॲक्सल आखूड होतो, सांगाडा अरुंद होतो आणि वजन चांगलंच उतरतं. मला ही रचना आवडते. विसरलं जातं ते एवढंच, की रुळाशेजारचे गरम बेअरिंग पकडणारे सेन्सर बहुधा बाहेरच्या ॲक्सलबॉक्सवर रोखलेले असतात. आतल्या बेअरिंगचं तापमान त्यांना नीट दिसत नाही. मग बोगीवरच सेन्सर हवा, त्याची वायर हवी, आणि वाचलेल्या किलोंतून थोडे त्यात जातात.

चाकाशी खेळताना मात्र जपून. जर्मनीच्या पहिल्या आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये थरथर कमी करायला अखंड चाकांऐवजी मध्ये रबर आणि वरून पोलादी धाव अशी चाकं बसवली गेली. ३ जून १९९८ रोजी एशेडे इथे अशीच एक धाव थकून तुटली आणि १०१ जण दगावले. तडा धावेच्या आतल्या पृष्ठभागावर सुरू झाला होता, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी. थरथरीचा इलाज सस्पेन्शनमध्ये शोधायचा. तो चाकात नेला तर ते चाक आतून कसं तपासणार, हे आधी ठरवायचं.

सांगाडा दगडासारखा ताठ, स्प्रिंगाही ताठ

रूळ कधीच पूर्ण सपाट नसतो. वळणाच्या सुरुवातीला बाहेरचा रूळ हळूहळू उचलला जातो, म्हणजे चार चाकांखालची पातळी पिळलेली असते. बोगीने तो पीळ सोसायला हवा. नाही सोसला, तर एक चाक हलकं होतं, त्याची फ्लँज (चाकाची आतल्या बाजूची उभी कड) रुळावर चढते आणि गाडी घसरते. तेही बहुतेक वेळा यार्डात, सावकाश जाताना.

आकडे घालून बघू. ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर, पीळ मीटरला ७ मिलिमीटर, म्हणजे एकूण साडेसतरा मिलिमीटर. दोन बाजूंच्या स्प्रिंगांमधलं अंतर २ मीटर, चाकं रुळाला टेकतात त्या बिंदूंमधलं दीड मीटर. सांगाडा पूर्ण ताठ धरला आणि प्रत्येक ॲक्सलबॉक्सवरची स्प्रिंग मिलिमीटरला १ किलोन्यूटनची असली, तर चाकावरचा भार साधारण ८ किलोन्यूटनने बदलतो. रिकाम्या गाडीत चाकावर ५० किलोन्यूटन असतील तर हे १६ टक्के. चालेल. आता जागा वाचवायला मिलिमीटरला ४ किलोन्यूटनची रबर स्प्रिंग टाका. भार ३१ किलोन्यूटनने घटतो, म्हणजे ६२ टक्के. युरोपीय मानक ईएन १४३६३ मधली ६० टक्क्यांची मर्यादा तिथेच ओलांडली, आणि डब्याचा पीळ अजून मोजलाच नाही.

यात एक गंमत लपली आहे. डबा हलका केला की ५० चे ४० होतात, ८ मात्र ८ च राहतात. हलक्या गाडीला मऊ प्राथमिक (ॲक्सलबॉक्सवरची) स्प्रिंग किंवा पीळ सोसणारा सांगाडा जास्त लागतो, आणि पहिल्या खेपेला हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मालगाडीच्या तीन तुकड्यांच्या बोगीत दोन्ही साइड फ्रेम बोल्स्टरभोवती (मधली आडवी तुळई) वेगवेगळ्या डोलतात. ती दिसायला ओबडधोबड, पण खराब रुळावर चारही चाकं टेकवून ठेवण्यात भल्याभल्यांना भारी पडते.

फक्त नव्या चाकावर गणित

चाकाचा पृष्ठभाग शंकूसारखा उतरता असतो, म्हणून चाकांची जोडी रुळावर नागमोडी चालते. जर्मन अभियंते क्लिंगेल यांनी १८८३ मध्ये या नागमोडीची लांबी सूत्रात मांडली. ४६० मिलिमीटर त्रिज्येचं चाक आणि २० ला १ उतार घेतला तर एक लाट साडेसोळा मीटरची होते. ताशी १२० किलोमीटर वेगाला सेकंदाला दोन हेलकावे. चाक झिजून प्रभावी उतार ०.३ झाला की तीच लाट पावणेसात मीटरवर येते आणि हेलकावे पाच होतात. नव्या चाकांवर तीन दिवसांची चाचणी घेऊन ‘गाडी स्थिर’ असा शेरा मारणं म्हणजे लग्नात बघून संसाराचा अंदाज बांधणं. झिजलेलं प्रोफाइल, म्हणजे चाकाच्या पृष्ठभागाचा झिजल्यानंतरचा आकार, घेऊन गणित करा, चाचणीही त्याच्यावर घ्या.

आणि बोगीचं डावीउजवीकडे वळवळणं रोखणारा यॉ डॅम्पर लावला म्हणून सुटलात असं समजू नका. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. बोगीची हालचाल २ मिलिमीटरची आणि बुशच दीड मिलिमीटर दबला, तर ढोबळमानाने डॅम्परच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर येतो. एका नमुना बोगीवर आम्ही दोन आठवडे डॅम्पर बदलत बसलो होतो. शेवटी एका तंत्रज्ञाने बुश हाताने दाबून दाखवला. ताठ बुश आणि ताठ ब्रॅकेट बसवल्यावर जुनाच डॅम्पर पुरला.

रिकामी गाडी आणि भरलेली गाडी

प्रवाशाला साधारण १ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक, डोल सुखाचा वाटतो. त्यासाठी भाराखाली स्प्रिंगा एकूण २५ सेंटीमीटर दबायला हव्यात. ३० टनांचा डबा भरून ४५ टनांचा होत असेल आणि भरलेल्या स्थितीत हे साधलं असेल, तर रिकामा होताना तो सव्वाआठ सेंटीमीटर वर येईल. डबे जोडणारा कपलर आणि फलाट दोघंही तक्रार करतील. म्हणून एअर स्प्रिंग आणि उंची सांभाळणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह. मात्र हवा गेलेली असताना, आतल्या आपत्कालीन रबरावर बसलेल्या स्थितीतलं पिळाचं गणित वेगळं करा. ते वगळलेले अहवाल माझ्या हातून अनेकदा परत गेले आहेत.

मालडब्याचं प्रमाण आणखी वाकडं. २० टन रिकामा, ८० टन भरलेला. तिथे दोन टप्प्यांच्या स्प्रिंगा लागतात, म्हणजे बाहेरची उंच, आतली बुटकी, भार आला की मगच कामाला लागणारी.

तक्रार आली की आधी काय बघायचं

सरळ रुळावर, जास्त वेगाला, आडवा हिसका, आणि चाकं खरादल्यावर तो बंद होतो: दोष झिजलेल्या प्रोफाइलचा. यॉ डॅम्परवर तेल ओघळलंय का तेही बघा.

एका ठरावीक वेगालाच वरखाली उड्या बसत असतील तर रुळाच्या सांध्यांतलं अंतर मोजा. १३ मीटरवर सांधे आणि डब्याची वारंवारता १.२ हर्ट्झ असेल तर ताशी ५६ किलोमीटरला दोघं जुळतात. डॅम्पर कमजोर झाला की ही भेट जाणवते.

डावे-उजवे सांधे समोरासमोर नसून आलटूनपालटून असले आणि मालडबा उंच भरलेला असला, तर ताशी २० ते ४० किलोमीटरच्या दरम्यान तो डावीउजवीकडे झुलू लागतो. इथे साइड बेअररमधली (डबा कलला की बोगीवर जिथे टेकतो तो आधार) फट आणि घर्षणाने डोल शोषणारे, झिजलेले वेज तपासा. ‘सावकाश चालवा’ हा सल्ला या ठिकाणी उलटा पडू शकतो.

एकाच बाजूची फ्लँज झिजतेय? स्प्रिंगांना हात लावण्याआधी त्याच ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांचे व्यास मोजा, मग दोन्ही ॲक्सल समांतर आहेत का ते बघा.

डबा एकीकडे कललाय तर तुटलेली स्प्रिंग शोधा. एअर स्प्रिंग असेल तर लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा वाकलाय का ते आधी बघा, कारण तो तपासायला पाच मिनिटं लागतात आणि स्प्रिंग बदलायला अख्खी पाळी.

तडा सापडला की लगेच वेल्ड करून बुजवू नका. त्याची दोन्ही टोकं पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारा द्रव) शोधा, फोटो काढा, आणि तो वेल्डच्या कडेला सुरू झाला की वेल्डच्या मुळाशी, म्हणजे सर्वांत आत, हे लिहून ठेवा. कडेला असेल तर गोलाई आणि घासणी बघायची, मुळाशी असेल तर वेल्ड आतपर्यंत पोचलेलाच नाही. आणि तडा कुठल्याच मोठ्या जोडाशी नसेल, तर त्याच्या उगमाशी काय चिकटवलेलं आहे ते बघा. बऱ्याचदा तिथे ब्रेकची नळी किंवा सेन्सरची वायर धरायला डिझाइन संपल्यावर कुणीतरी खालच्या पत्र्यावर वेल्ड केलेली दोन बोटांची क्लिप असते.