ॲक्सेसच्या फॉर्मवर वस्तू निवडताच दर आपोआप भरा

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधल्या बिलाच्या फॉर्मवर वस्तू निवडण्याचा कॉम्बो बॉक्स (खाली उघडणारी यादी) असेल, तर त्याच्या रो सोर्समध्ये, म्हणजे यादीची माहिती जिथून येते तिथे, क्रमांक, नाव आणि दर हे तीन कॉलम घ्या. कॉलम काउंट 3 करायला विसरलात, तर दराची जागा रिकामीच राहते. यादीत दर दिसायला नको असेल, तर त्या कॉलमची रुंदी 0 ठेवा.

आता कॉम्बो बॉक्सच्या प्रॉपर्टी शीटमध्ये आफ्टर अपडेटसमोरच्या (निवड बदलल्यावर काय करायचे ते इथे ठरते) तीन टिंबांवर क्लिक करून मॅक्रो बिल्डर उघडा आणि सेटव्हॅल्यू ही फील्डमध्ये किंमत भरणारी ॲक्शन निवडा. 'शो ऑल ॲक्शन्स' दाबल्याशिवाय ॲक्सेस ती दाखवतच नाही. बरेचजण इथेच अडकतात. आयटममध्ये दराचे फील्ड द्या. एक्स्प्रेशनमध्ये कॉम्बो बॉक्सचे नाव, टिंब, कॉलम आणि कंसात 2 लिहा. मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिसरा कॉलम म्हणजे 2. एक्स्प्रेशनच्या आधी बरोबरचे चिन्ह (=) नको.

ॲक्सेस फाइलला विश्वसनीय मानत नसेल, तर सेटव्हॅल्यू चालत नाही. शिवाय मॅक्रोने भरलेल्या फील्डचा स्वतःचा आफ्टर अपडेट सुरू होत नाही. नग गुणिले दर हे गणित याच मॅक्रोत दुसऱ्या सेटव्हॅल्यूने करा.

दर असा साठवणे योग्यच, कारण पुढे भाव बदलला तरी जुने बिल बदलत नाही. ग्राहकाचा फोन नंबर मात्र असा बिलात उतरवू नका, तो क्वेरीतून (टेबलमधली माहिती काढून दाखवणारी मागणी) नुसता दाखवा.