जुन्या जीपच्या गिअरबॉक्सचं तेल: बघायचं कसं, टाकायचं कसं

जुन्या जीपच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. बॉनेट उघडून जी पट्टी निघते ती इंजिन ऑइलची. पुष्कळ जण तीच पुसून बघतात आणि 'तेल फुल आहे भो' म्हणून मोकळे होतात. गिअरबॉक्सचं तेल बघायला गाडीखाली जावंच लागतं, म्हणून ते वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मग पालच्या घाटात गाडी कुंथायला लागली की आठवण येते.

मी आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या शेतरस्त्यांवर चालणाऱ्या महिंद्रा कमांडर जीपबद्दल सांगतो, पण साध्या हाती गिअरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना हेच लागू.

गाडी सपाट जागी लावा. खळं असेल तर उत्तम. बांधाच्या कडेला नको, कारण गाडी कलली की लेव्हलही खोटी दिसते. थोडी फिरवून आणा आणि पंधरा-वीस मिनिटं उभी राहू द्या. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, हे काम सकाळीच उरका. दोन्ही बाजूंनी चाकांना दगड लावा. गाडी उचलायची तर चारही बाजूंनी सारखी आणि पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

गिअरबॉक्सच्या बाजूला, साधारण मध्यावर, एक प्लग असतो. तो तेल भरायचा. तळाशी असतो तो तेल काढून टाकायचा. दोन्हींत गल्लत झाली तर सगळं तेल अंगावर येतं. आधी प्लगभोवतीची चिखल-माती तारेच्या ब्रशने खरवडा. आपल्याकडची काळी माती वाळली की दगड होते, आणि तिचा एक खडा आत गेला तर बेअरिंगची वाट. मगच पाना लावा. सगळं तेल बदलायचं असेल तर आधी वरचाच प्लग सैल करून बघा. खालून रिकामं केलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवरच बसली.

प्लग निघाला की करंगळी आत घाला. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. बोट वाकवून खाली न्यावं लागलं तर कमी आहे. प्लग काढताच धार लागली तर जास्त. थांबेपर्यंत घमेल्यात गळू द्या. जास्तीचं तेल पुढच्या सीलमधून क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरतो.

बोटाला लागलेलं तेल उन्हात धरून बघा. काळपट झालं तरी चालतं. बारीक पिवळी चकाकी दिसली तर सिंक्रोची, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी, पितळी रिंग झिजते आहे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली असेल तर हे हमखास बघा. दुधाळ तेलावर नवं ओतू नका, सगळं काढा.

आता तेल कोणतं? दुकानात 'नव्वद नंबर द्या' म्हटलं की मिळतं ते नव्वद खरं, पण नव्वद हा नुसता घट्टपणाचा नंबर. डब्यावर तेलाची प्रत जीएल-४ आहे की जीएल-५ ते वाचा. जुन्या गिअरबॉक्सला साधारण जीएल-४ लागतं. जीएल-५ मधली जादा रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळेला खातात. मागच्या डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्याला, मात्र बहुतेक वेळा जीएल-५ च लागतं. म्हणून मी दोन डबे ठेवतो आणि वर खडूने लिहितो. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. ऑटोमॅटिक गाडीची तऱ्हाच वेगळी. तिच्यात हे तेल चुकूनही नको.

भरायला पिचकारी घ्या, नाहीतर नरसाळ्याला हातभर नळी जोडा. थंडीत हे तेल उतरता उतरत नाही. डबा थोडा वेळ उन्हात ठेवला की सोपं जातं. काठावरून गळायला लागलं की थांबा. प्लग पुसून बसवा, वॉशर चेपलं असेल तर नवं घाला. जीव खाऊन आवळू नका, गिअरबॉक्सच्या घराचे आटे जातील.

फोर-व्हील जीप असेल तर ट्रान्सफर केसही, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद देणारी पेटीही, उघडून बघा. जुन्या विलीज घाटणीच्या गाड्यांत मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात जातं. एक कमी, दुसरा काठोकाठ, आणि खाली थेंबही नाही.

तेल टाकलं म्हणजे काम संपलं असं नाही, कारण गिअरबॉक्स तेल जाळत नाही. कमी झालं तर ते कुठून तरी गेलंय. रात्री गाडीखाली केळीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरा. सकाळी पुढे बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराखाली, डाग असेल तर वास घ्या: उग्र, गंधकासारखा वास आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील, काळं पातळ असेल तर इंजिनचं मागचं. मागे प्रोपेलर शाफ्टजवळ, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ, डाग असेल तर गिअरबॉक्सचं मागचं सील. आणि त्या दोन्ही ठिकाणी काही नसेल तर स्पीडोमीटरची केबल जिथं गिअरबॉक्समध्ये बसते तिथं हात फिरवा. तिथलं छोटं सील गेलेलं पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही.