ऑन्टोलॉजीची आवृत्ती बदलली आणि निष्कर्ष गायब झाला, तर

ऑन्टोलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडलेली फाइल. ती लिहायची भाषा आउल, ती उघडायचं सॉफ्टवेअर प्रोटेजे आणि तिच्यातून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम रिझनर, यांची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरतो. नवी आवृत्ती लावली, रिझनर चालवला, विसंगती आली नाही, म्हणजे सगळं ठीक, असं कृपा करून समजू नका. माझा सगळ्यात जास्त वेळ याच समजापायी गेला.

जनुकांची कामं वर्णन करणारी जीन ऑन्टोलॉजीच घ्या. एखादं जनुक एका टर्मला, म्हणजे संकल्पनेला, जोडलेलं असतं, ती टर्म ‘ताणाला प्रतिसाद’च्या खाली असते, त्यामुळे जनुक वरच्या टर्ममध्येही मोजलं जातं. पुढच्या रिलीजमध्ये ती टर्म रद्द होते. रद्द झाली तरी ती फाइलमधून जात नाही. आयडी तोच राहतो, नावाआधी ‘ऑब्सोलीट’ लागतं आणि तिला वरच्या टर्मशी जोडणाऱ्या ‘इज अ’च्या ओळी काढून टाकतात. आता जनुकांची फाइल जुनी आणि ऑन्टोलॉजी नवी असेल, तर रिझनर चकार शब्द काढत नाही. टर्म सुटी पडली, एवढंच. आउल ‘ओपन वर्ल्ड’ धरून चालते, त्यात जे सांगितलेलं नाही ते खोटं ठरत नाही, मग विसंगती येणार कुठून? फक्त वरच्या टर्मचा आकडा घटतो. तो जीवशास्त्रातला शोध वाटला की प्रबंधाचं अख्खं प्रकरण वाया जाऊ शकतं.

पण घाबरू नका, तर्कशास्त्र आपल्या बाजूचं आहे. आउलमागचं डिस्क्रिप्शन लॉजिक मोनोटोनिक आहे, म्हणजे नुसती भर घातल्यानं जुना निष्कर्ष कधीच जात नाही. तो गेला, तर काहीतरी काढलंय किंवा बदललंय. म्हणून कारण जुन्या आवृत्तीत शोधायला लागा. ती प्रोटेजेत उघडा आणि हरवलेल्या निष्कर्षाचं स्पष्टीकरण मागा. जितकी जस्टिफिकेशन्स (तो निष्कर्ष सिद्ध करायला पुरेसे असे विधानांचे छोट्यात छोटे संच) मिळतील, त्या प्रत्येकातलं किमान एक अ‍ॅक्सियम (फाइलीतलं विधान) नव्या फाइलीत नसणार. प्रत्येकातलं, हे महत्त्वाचं. पहिलंच पाहून थांबलात, तर ते अ‍ॅक्सियम परत घालून निष्कर्ष परत येईलही, पण बाकीचे बदल नजरेआड राहतील.

दोन फाइलींचा नुसता टेक्स्ट डिफ (ओळीओळीची तुलना) हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. कुठल्यातरी लांबच्या वर्गाची व्याख्या बदलते आणि तुमच्या टर्मच्या एकाही ओळीला हात न लागता तिची जागा हलते. दोन्ही आवृत्त्या एल्क या रिझनरनं क्लासिफाय करा (कोणता वर्ग कशाखाली येतो ते काढा), रोबोट या कमांड-लाइन साधनानं निष्कर्षांसकट फाइली काढा, मग डिफ घ्या.

रद्द टर्मवर ‘रिप्लेस्ड बाय’ (हिच्याऐवजी ही घ्या) असेल तिथे स्क्रिप्टनं बदल चालेल. ‘कन्सिडर’ (ही चालेल का पाहा) असेल तिथे माणसानंच वाचून ठरवायचं. गाइड ‘लेटेस्ट वापर’ म्हणतील. वापरा, पण त्या रिलीजचा व्हर्जन आयआरआय (त्या आवृत्तीची वेबपत्त्यासारखी ओळख) त्याच दिवशी वहीत लिहा आणि इम्पोर्टही त्याच आयआरआयनं करा.

सरावाला स्नोमेड सीटी हे वैद्यकीय संज्ञांचं भांडार घ्या. भारतात ते पुण्याच्या सीडॅकमधल्या राष्ट्रीय केंद्रामार्फत मिळतं. त्याच्या ‘फुल’ फाइलींत प्रत्येक नोंदीला लागू झाल्याची तारीख असते आणि निष्क्रिय नोंदीही राहतात, त्यामुळे जुन्या आवृत्त्या शोधत फिरावं लागत नाही.