थॉर्नीहेड ओळखायचा कसा: आधी काटे मोजा, मग कल्ला उघडा

कॅलिफोर्निया, ओरेगॉनच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा लाल, मोठ्या डोळ्यांचा, डोक्यावर काटेच काटे असलेला मासा बाजारात नक्की बघितला असणार आणि बहुतेक लोक त्याला सरळ रॉकफिश म्हणतात. पण थॉर्नीहेडचा जीनसच (जवळच्या जातींचा शास्त्रीय गट) वेगळा आहे, सेबॅस्टोलोबस, १८८१ मध्ये अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ थिओडोर गिल यांनी नाव दिलेला, आणि त्यात फक्त तीनच जाती आहेत.

आधी रॉकफिश बाजूला काढा. पाठीवरच्या परातले (म्हणजे फिनमधले) कडक काटे मोजायचे, रॉकफिशला साधारण १३ असतात, थॉर्नीहेडला १५ ते १७. मोजताना डोक्याकडून सुरुवात करा आणि पहिला काटा आखूड असतो तो सुटू देऊ नका, सगळी गडबड तिथेच होते. मग गाल बघा, डोळ्याखालून काट्यांची एक रांग गालावर आडवी गेलेली दिसेल. छातीच्या पराला मध्ये खाच असते, त्यामुळे खालचा भाग वेगळ्या पाळीसारखा दिसतो.

अजून एक फरक पोटातला. थॉर्नीहेडला हवेची पिशवीच नसते, म्हणून खोलातून वर ओढला तरी रॉकफिशसारखं पोट तोंडातून बाहेर येत नाही आणि मासा जिवंत राहू शकतो, काही दुकानांत टाकीत जिवंत दिसतो तो यामुळेच. रॉकफिश पिल्लं देतो, हा मात्र जेलीसारख्या गोळ्यात अंडी घालतो आणि तो गोळा वर तरंगत येतो. मला या माशाबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं, इतक्या खोलातला मासा आणि अंडी पार पृष्ठभागापाशी!

आता जाती. पाठीवरचा तिसरा काटा सगळ्यात लांब असेल तर लाँगस्पाइन, चौथा किंवा पाचवा लांब असेल तर शॉर्टस्पाइन. जाळ्यात काटे मोडतात, मग हे काही कळत नाही, अशा वेळी कल्ल्याचं झाकण उचला. आपल्याला सवय आहेच, कोळणीकडे मासा ताजा आहे का बघायला आपण तेच करतो, फक्त इथे लाल कल्ले बघायचे नाहीत, झाकणाच्या आतलं अस्तर बघायचं. काळपट असेल तर लाँगस्पाइन, फिकट असेल तर शॉर्टस्पाइन. काळं दिसलं म्हणून मासा खराब आहे असं समजून परत करू नका.

साइजवर एकतर्फीच भरवसा ठेवा. ४० सेंटीमीटरच्या वरचा असेल तर शॉर्टस्पाइनच, तो ७५ च्या आसपास जातो, पण लहान असेल तर दोन्हीपैकी कुठलाही असू शकतो.

तिसरी जात मॅक्रोचिर, जपान आणि ओखोत्स्क समुद्राकडची, तिकडे किचिजी किंवा किंकी म्हणतात आणि भरपूर महाग असते, तिच्या पाठीच्या परावर मोठा काळा डाग असतो.

फॅमिलीचं (जीनसच्या वरचा गट) म्हणाल तर काही जण सेबॅस्टिडी मानतात, काही जण स्कॉर्पिनिडीमध्येच धरतात, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नका, जीनस तोच आहे. आणि हाताळताना जाड हातमोजे घालाच, हे काटे खोल घुसतात.